कॅप कशाची आहे? माउथवॉश, आगळ आणि दातावरचं सिरॅमिक

हेडफोन लावलेत ना? आज दातांवर बोलायचंय. खऱ्या दातांवर कमी आणि त्यांच्यावर बसवलेल्या कॅपवर जास्त. प्रश्न असा: रोज माउथवॉशने चुळा भरल्या, वर आंबट-चिंबट खाल्लं, तर सिरॅमिकची कॅप खराब होते का?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे तुमचा स्टॉप आला आणि उतरावं लागलं तरी नुकसान नको. नुसत्या आंबटाने कॅपला सहसा फारसं काही होत नाही. नुसत्या फ्लोराइडनेही नाही. पण दोघं एकत्र आले की ते काच खातात. आणि तुमच्या कॅपमध्ये काच किती आहे, यावर पुढचं बरंचसं ठरतं. ज्यांना वेळ आहे त्यांनी थांबा, कारण मजा या 'एकत्र आले की'मध्ये आहे.

विषय सुचला तो मिरकरवाड्यात. तुम्हाला माहीत असेलच, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि वर्षभर पुढे ढकललेली घरची कामं सगळी याच दोन महिन्यांत. घराचं छप्पर, चष्म्याचा नंबर, दात. आमच्या ओळखीतले एक तांडेल आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. सहा वर्षांपूर्वी त्यांनी वरचे पुढचे दात बसवून घेतले होते. तीन दातांचा ब्रिज, आत धातू आणि वर सिरॅमिक. तंबाखू काही सुटलेली नाही. मग घरात नात आली. चाचांनी उचलून घेतलं की ती तोंड फिरवायची. झालं, चाचांनी माउथवॉश आणला. दिवसातून चार-पाच वेळा. बाटलीवर दात मजबूत होतात असं लिहिलेलं, त्यामुळे जितकं जास्त तितकं चांगलं, असा साधा हिशेब.

तर ब्रिजची चकाकी गेली. मग त्याच्यावर पिवळट-तपकिरी डाग धरायला लागले, ते घासून जाईनात. चाचा म्हणाले, "आधी जीभ फिरवली की काचेसारखं लागायचं, आता कौलासारखं लागतंय." मी त्यानंतर सिरॅमिकवर बरंच वाचलं, पण याच्याहून चांगलं वर्णन मला कुठे सापडलं नाही. नवीन ब्रिज म्हणजे पंधरा-वीस हजार, आणि तेही अशा दोन महिन्यांत जेव्हा घरात येणारा पैसा शून्य. म्हणून त्यांचा प्रश्न होता की दोष कोणाचा? माउथवॉशचा, तंबाखूचा, की ज्याने दात बनवला त्याचा?

आता जरा आत शिरूया. 'सिरॅमिकची कॅप' हा एक पदार्थ नाही, ते आडनाव आहे. त्या आडनावाची निदान तीन घरं आहेत. पहिलं पोर्सिलेन: हे जवळजवळ काचच. मेटल-सिरॅमिक कॅपमध्ये धातूवर जो पांढरा थर असतो तो हाच. दुसरं लिथियम डायसिलिकेट: काचेत बारीक स्फटिक दाटीवाटीने वाढवलेले. पुढच्या दातांना हे खूप वापरतात कारण ते उजेड खऱ्या दातासारखा आत घेतं. तिसरा झिरकोनिया: यात काच जवळपास नाहीच, सगळे स्फटिक. वाकवून तोडायला किती ताण लागतो ते पाहिलं तर पोर्सिलेन साधारण ६० ते १०० मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेट ३५० ते ५००, आणि झिरकोनिया ९०० ते १२००. म्हणजे एकाच आडनावात दहापट फरक. आणि आपण डॉक्टरांना विचारतो काय? "सिरॅमिकची आहे ना?" आहे.

या कॅपच्या सर्वात वर बहुतेक वेळा ग्लेझ असतं, भट्टीत भाजून आणलेला काचेचा पातळ थर. फायबरची बोट बघितली असेल तर हे लगेच समजेल. बोटीला वरून जेलकोट असतो. जेलकोट उन्हाने फिका पडला, हाताला खडूसारखा लागायला लागला, म्हणून बोट बुडत नाही. आतलं फायबर ठणठणीत असतं. पण जेलकोट गेला की पाणी आत झिरपायला वाट मिळते आणि शेवाळ, शिंपले चिकटून बसतात. ग्लेझचं अगदी तसंच. ते गेलं की कॅप लगेच तुटत नाही, पण गुळगुळीतपणा जातो. दातांच्या क्षेत्रात एक आकडा नेहमी येतो: पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जंतूंचा थर जास्त धरायला लागतो. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या साडेतीनशेव्या भागाएवढी खाच पुरते. आणि खडबडीत सिरॅमिक समोरच्या खऱ्या दाताला कानशीसारखं घासतं, हा दुसरा त्रास.

मग ग्लेझ जातं कशाने?

आंबटाने काय होतं ते आधी. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं असतं, आणि त्या जाळ्याच्या भोकांत सोडियम, पोटॅशियमचे आयन अडकलेले असतात. ॲसिड आलं की त्यातले हायड्रोजन आयन आत शिरतात आणि सोडियम-पोटॅशियमला बाहेर काढतात. मासे सुटले, पण जाळं शाबूत. म्हणून हे काम फार सावकाश चालतं. किती सावकाश, याची चाचणीच ठरलेली आहे. आयएसओ ६८७२ हे दंत-सिरॅमिकचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात सिरॅमिकचे तुकडे ४ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे साधारण स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये, ८० अंश सेल्सिअसला १६ तास ठेवतात. एवढं उकडून काढल्यावर तोंडात उघड्या राहणाऱ्या सिरॅमिकने दर चौरस सेंटिमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त वजन गमवायचं नाही. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे बारीक मिठाचे दोनेक कण. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरवर खोटी गर्दी सोडून तो कधी झोपतो ते बघतो, तसाच हा प्रकार.

त्यामुळे सोलकढीवर आळ घेणाऱ्यांना माझं म्हणणं असं, की सोडा तिला. कोकमात मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड, आणि आगळ चांगलंच तिखट आंबट असतं. मी लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या. आगळात बुडवलेली पट्टी ३ च्या खालचा रंग दाखवत होती. पण सोलकढीत ते आगळ नारळाच्या दुधात आणि पाण्यात मिसळतं, घोटाघोटाने पोटात जातं, आणि मागून लाळ येऊन धुऊन टाकते. कोला किंवा सिट्रिक ॲसिडने पोर्सिलेन खडबडीत होतं असं दाखवणारे प्रयोग आहेत, पण त्यात तुकडे तासन् तास, कधी दिवसेंदिवस बुडवून ठेवतात. जेवताना असं कोणी करत नाही.

एक मात्र आहे. आंबटाचा खरा बळी खरा दात आहे. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, ते आपले स्वतःचे. साधारण ५.५ च्या खाली पीएच गेला की दाताचं एनॅमल विरघळायला लागतं. कॅप कधी आंबत नाही. म्हणजे तोंडात एक सिरॅमिकचा दात आणि शेजारी सत्तावीस खरे असतील, तर आंबटाची काळजी त्या सत्तावीसांसाठी करायची. (हे वाक्य रेकॉर्ड करताना मी माझे मोजले. अक्कलदाढा अजून आलेल्या नाहीत.)

आता फ्लोराइड. फ्लोराइड खऱ्या दाताचा मित्र आहे, यात मला काही खोट काढायची नाही. पण फ्लोराइडला भरपूर हायड्रोजन आयन मिळाले की त्याचं हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं. आणि हे ॲसिड सोडियम वगैरे किरकोळ गोष्टींच्या मागे लागत नाही. ते थेट सिलिकॉनला धरतं आणि जाळंच तोडतं. काचेवर नक्षी कोरायला हेच वापरतात.

किती फ्लोराइडचं ॲसिड होणार ते पीएचवर ठरतं, आणि हा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. पीएच ३.२ च्या आसपास असेल तर निम्मं फ्लोराइड हायड्रोफ्लोरिक ॲसिडच्या रूपात असतं. पीएच ४.२ ला साधारण ९ टक्के. ५.२ ला १ टक्का. आणि ७ ला, म्हणजे साध्या पाण्यासारखं असेल तेव्हा, दहा हजारांत एक-दोन. बघा, बाटलीवर फ्लोराइड तेवढंच लिहिलेलं असेल, पण पीएच ४ आणि पीएच ७ मधला फरक शेकडो पटींचा.

यातला सर्वात जबरदस्त प्रकार घरी मिळत नाही, दवाखान्यात मिळतो. किडीपासून बचावासाठी मुलांच्या दातांना लावतात ते एपीएफ जेल, म्हणजे आम्लयुक्त फ्लोराइड. त्यात १.२३ टक्के फ्लोराइड आणि पीएच ३ ते ३.५. खऱ्या दातांना उत्तम. पोर्सिलेनचं ग्लेझ मात्र ते खरवडतं, म्हणून सिरॅमिक असलेल्यांना त्याऐवजी न्यूट्रल सोडियम फ्लोराइड लावायचा सल्ला असतो. मोठ्या माणसाला हे जेल लावणार असतील तर "मला कॅप आहे" एवढं बोलायचं. बस.

आणि गंमत अशी, की हेच हायड्रोफ्लोरिक ॲसिड डॉक्टर स्वतः कॅपला लावतात! लिथियम डायसिलिकेटची कॅप चिकटवण्याआधी तिच्या आतल्या बाजूला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड साधारण २० सेकंद ठेवतात. काच थोडी विरघळते, स्फटिक उघडे पडतात, बारीक खळगे तयार होतात आणि सिमेंट त्यात घट्ट रुतून बसतं. आतून जो खडबडीतपणा मुद्दाम करतात तोच बाहेरून नको असतो. झिरकोनियाला ही युक्ती चालत नाही, कारण काच नाही.

मग घरचा माउथवॉश? रोजच्या वापराच्या फ्लोराइड माउथवॉशमध्ये ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे फ्लोराइड साधारण दहा लाखांत २२५ भाग. जेलच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी. दिवसातून एकदा, लेबलवर लिहिलंय तेवढं, तर काळजी करायचं कारण मला दिसत नाही. पण वर्षानुवर्षं दिवसातून पाच वेळा, आणि बाटली आंबट असेल तर, गणित बदलतं. दोन वेगवेगळ्या बाटल्यांमध्ये मी त्याच पट्ट्या बुडवल्या. एकीचा रंग ४ च्या जवळ, दुसरीचा ६ ते ७ च्या मध्ये. दोन्हींच्या लेबलवर पीएच लिहिलेला नाही. साखर, मीठ, चरबी सगळं छापायचं आणि तोंडात खुळखुळवायच्या पाण्याचा पीएच छापायचा नाही, हे मला पटत नाही.

क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश, जे हिरड्यांसाठी डॉक्टर लिहून देतात, ते काच खात नाहीत. त्यांची खोड वेगळी. जास्त दिवस वापरले की तपकिरी डाग धरतात, आणि खडबडीत कॅपवर आणखी घट्ट. अल्कोहोलवाल्यांचा त्रास सिरॅमिकपेक्षा रेझिनला, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगला आणि काही सिमेंटना जास्त.

तंबाखूकडे येतो. तंबाखूत मळतात तो चुना आंबटाच्या अगदी उलट टोकाचा. आणि काचेला ते टोकही सोसत नाही, पीएच ९ च्या वर तिचं सिलिकॉनचं जाळंच सुटायला लागतं. चाचा सकाळी मशेरी घासतात. ती भाजलेल्या तंबाखूची पूड, तिने ग्लेझवर ओरखडे येतात. म्हणजे त्या ब्रिजवर सकाळी कानस, दिवसभर चुना आणि मध्ये मध्ये आंबट फ्लोराइड. माउथवॉश एकटा आरोपी नाही, पण त्याला निर्दोष सोडता येणार नाही. इथे विषयाच्या बाहेरचं एक वाक्य बोलू द्या: माउथवॉश तंबाखूचा वास झाकतो, तंबाखू नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा किंवा जखम असेल आणि दोन आठवड्यांत बरी झाली नसेल, तर चूळ भरत बसू नका, दाखवा.

आणखी एक ॲसिड राहिलं, पोटातलं. त्याचा पीएच १ ते २. ज्यांना नेहमी आंबट ढेकर येतात, रात्री घशाशी येतं, त्यांच्या तोंडात आगळापेक्षा जहाल ॲसिड पुन्हा पुन्हा येतं. आपल्याकडे नव्या खलाशाला बोट लागते, सुरुवातीचे दिवस उलट्यांत जातात. उलटी झाल्यावर लगेच फ्लोराइडवाल्या माउथवॉशने तोंड साफ करू नये, आधी साध्या पाण्याने दोन-तीन चुळा. कारण आता तुम्हाला कळलंय: तोंडात ॲसिड असताना वरून फ्लोराइड ओतलं, तर ती जोडी आपणच जुळवून देतो. लिंबू सरबत किंवा पन्ह्यानंतरही तेच.

इथपर्यंत गोष्ट पृष्ठभागाची झाली. पण कॅप तुटते कशाने? याचं उत्तर ऐकून मी थोडा खट्टू झालो, कारण त्यात खलनायक कोणी नाही. उत्तर आहे पाणी. १९६७ साली अमेरिकेत शेल्डन विडरहॉर्न यांनी काचेतली तडा किती वेगाने पुढे सरकते ते मोजलं. हवेत बाष्प जास्त तर तडा जास्त वेगाने. तडेच्या टोकाला ताण असतो, तिथे पाण्याचा रेणू शिरतो आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध तोडतो. तडा एक पाऊल पुढे, पुन्हा पाणी, पुन्हा ताण. तोंडात पाणी चोवीस तास आणि ताण प्रत्येक घासाला. खाच जितकी खोल तितकी सुरुवात सोपी. म्हणून ग्लेझ जाणं फक्त दिसण्यापुरतं राहत नाही. बोटीचा दोर आधी तुटतो तो जिथे काठाला घासतो तिथे, हे मिरकरवाड्यात लहान पोरालाही माहीत असतं.

झिरकोनियावाले आता खूश झाले असतील. हा पदार्थ खरंच अजब आहे. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये त्याच्यावर लेख लिहिला, त्याचं शीर्षकच 'सिरॅमिक पोलाद?' असं प्रश्नचिन्हासकट. तडा यायला लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक आपलं रूप बदलतात, चारेक टक्क्यांनी फुगतात आणि तडेला दाबून धरतात. पण पाण्याच्या सोबतीत हाच बदल पृष्ठभागावर विनाकारण, हळूहळू सुरू होऊ शकतो. शिवाय भट्टी महत्त्वाची. कृत्रिम खुब्यासाठी झिरकोनियाचे गोळे बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने भट्टीचा प्रकार बदलला, पदार्थ तोच ठेवला, आणि काही खेपांतले गोळे माणसांच्या शरीरात फुटायला लागले. २००१ मध्ये माल परत बोलवावा लागला. दाताची कॅप खुब्याएवढं वजन पेलत नाही, घाबरू नका. पण 'झिरकोनिया' या शब्दावर निर्धास्त होऊ नका, तो कुठल्या लॅबमध्ये भाजलाय तेही विचारा. आणि झिरकोनियावर पुष्कळदा पोर्सिलेनचा किंवा ग्लेझचा थर असतोच, त्याला काचेचे सगळे नियम लागू.

(जाता जाता: झिरकोनियाचं खनिज झिरकॉन आपल्या देशात केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मिळतं. आपल्या मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, टायटॅनियमचं खनिज, आणि इम्प्लांटचा स्क्रू टायटॅनियमचाच. म्हणजे दातांचा अर्धा दवाखाना चौपाटीवर पडलाय.)

चाचांच्या ब्रिजचं काय झालं ते सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी ब्रिज तपासला. सिरॅमिक मळकं होतं, खडबडीत होतं, पण एकही तडा नव्हती. पॉलिश करून ते अजून काही वर्षं चाललं असतं. गेला तो आधाराचा खरा दात. हिरडीजवळ जिथे कॅप संपते आणि दात सुरू होतो, त्या कडेला कीड लागली होती. खडबडीत कडेवर थर साठत गेला, आणि माउथवॉशमुळे तोंडाला वास येत नसल्याने सगळं छान आहे असं वाटत राहिलं. ब्रिज काढावा लागला. माउथवॉशने ती कड साफ होत नाही, तिथे ब्रश आणि ब्रिजच्या खालून फिरवायचा दोराच लागतो. सहा वर्षांत त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे.

म्हणून कॅप बसवायला जाल तेव्हा, स्वतःची असो, आईची असो, हे करा. कशाची आहे ते नावानिशी विचारा: पोर्सिलेन, लिथियम डायसिलिकेट की झिरकोनिया, आणि वर थर कसला. बऱ्याच कॅपसोबत कार्ड येतं, त्याचा फोटो काढून ठेवा, कागद दोन पावसाळ्यांत हरवतो. चावताना उंच लागते म्हणून डॉक्टर कॅप बसवल्यावर थोडी घासतात, तेव्हा तिथलं ग्लेझ जातं. घासून झालं की "डॉक्टर, पॉलिश केलंत ना?" असं विचारा. यात उद्धटपणा काही नाही. माउथवॉश हवाच असेल तर न्यूट्रल कुठला ते त्यांनाच विचारा, आणि दिवसातून किती वेळा तेही.

चाचांचा नवा ब्रिज यंदाच्या बंदीत बसला, मागच्या बाजूला झिरकोनिया आणि पुढे दिसतो तेवढा पोर्सिलेनचा थर. मशेरी बंद झाली. तंबाखू दिवसातून दोनदा, असं ते म्हणतात. चाची म्हणते चारदा.

पुढच्या भागात बर्फाच्या कारखान्यातल्या अमोनियाबद्दल बोलू. तोवर, भेटत राहू.